शिल्लक आहे, पण काढता येत नाही

मला पोहता येत नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी पोहण्याच्या तलावाबद्दल इतक्या अधिकारवाणीने बोलणार आहे की वाचकांचा गैरसमज व्हायचा. कमरेएवढ्या पाण्यात मी उभा राहू शकतो, तेही कठडा हाताशी असेल तर. पण आमच्या सोसायटीच्या तलावाचा कारभार गेली दोन वर्षं माझ्याकडे आहे. का, तर मी बँकेत आहे. आपल्याकडे एक समजूत आहे की, बँकेतल्या माणसाला जगातला कुठलाही हिशेब येतो आणि संध्याकाळी साडेसहानंतर त्याला काही काम नसतं. वार्षिक सभेत तलावाचा विषय निघाला, सगळ्यांनी आपापल्या मोबाइलकडे पाहिलं, मी चुकून वर पाहिलं आणि अण्णा म्हणाले, "हे आहेत की! बी.कॉम. आहेत." जणू बी.कॉम.ला तिसऱ्या वर्षी तलावाचा पेपर असतो.

तेव्हा आधीच मान्य करतो की, रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीत संपला. मला समजतं ते एवढंच : जमा, नावे आणि शिल्लक. आणि माझा दावा असा आहे की, आपल्याकडच्या उघड्या तलावांचं जे काही वाटोळं होतं ते रसायनशास्त्र न समजल्यामुळे होत नाही. ते होतं जमा-नावे न समजल्यामुळे.

आमचा तलाव साडेबारा मीटर लांब, सहा मीटर रुंद. एका टोकाला पोरांच्या कमरेएवढा, दुसऱ्या टोकाला माझ्या भीतीएवढा. पाणी साधारण एक लाख लिटर. त्याची देखभाल मारुती करतो. मारुती माणूस प्रामाणिक. पूर्वी गावी ग्रामपंचायतीत विहिरीत टीसीएल पावडर टाकण्याचं आणि ओटी टेस्ट करण्याचं काम त्याने केलेलं. त्यामुळे तो रोज सकाळी बाटलीत पाणी घेतो, दोन थेंब टाकतो, पाणी पिवळं झालं की "पास!" म्हणतो आणि तरंगत्या डब्यात दोन वड्या टाकून झाडू मारायला जातो. वडी म्हणजे देवस्थानच्या मोठ्या पेढ्याएवढी पांढरीशुभ्र चकती, वजन २०० ग्रॅम. ती हळूहळू विरघळते, क्लोरीन सोडते, आणि कुणाला काही बघावं लागत नाही. ही "कुणाला काही बघावं लागत नाही" अवस्था आपल्या समाजात मोक्षाच्या खालोखाल मानली जाते.

फेब्रुवारीअखेर तलाव धुऊन ताज्या पाण्याने भरला होता. मार्च छान गेला, एप्रिलही गेला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पायऱ्यांच्या कोपऱ्यात हिरवट झाक दिसू लागली. हात लावला तर बुळबुळीत. त्याच आठवड्यात माझ्या धाकटीचा कान ठणकायला लागला. दोन रात्री ती झोपली नाही आणि तिच्यामुळे आम्हीही. डॉक्टर म्हणाले, पोहणाऱ्या मुलांना होतं असं, थेंब घाला, पंधरा दिवस पाण्यात सोडू नका. कान तलावामुळेच बिघडला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, एका कानावरून ताळेबंद काढता येत नाही. पण मुलगी रडत असताना बायकोने जो प्रश्न विचारला तो मात्र विसरण्यासारखा नव्हता : "अहो, तो तलाव तुमच्याकडेच आहे ना?"

दुसऱ्या दिवशी मी मारुतीचं रजिस्टर काढलं. क्लोरीन तीन, क्लोरीन तीन, क्लोरीन तीन. ओळीने. बँकेत असं रजिस्टर दिसलं की इन्स्पेक्टरचे कान उभे राहतात. पण मारुती खोटं लिहीत नव्हता. ओटीच्या पिवळ्या रंगात मोकळा क्लोरीन आणि कामातून गेलेला क्लोरीन असा भेद कळत नाही म्हणून मी पदरमोड करून गुलाबी रंगाची, डीपीडीची, किट आणली. मोकळा क्लोरीनसुद्धा तीनच्या आसपास! म्हणजे दहा लाख भाग पाण्यात तीन भाग. अमेरिकेच्या सीडीसीचं म्हणणं, कमीत कमी एक हवा आणि पाण्यात स्टॅबिलायझर असेल तर कमीत कमी दोन. आमच्याकडे तीन, तरी पायरी हिरवी. खात्यात पैसे आहेत आणि चेक परत येतोय, असा प्रकार.

हे वाक्य माझ्या डोक्यात आलं आणि मी जागच्या जागी थांबलो. खात्यात पैसे असून चेक परत केव्हा येतो? लियन असतो तेव्हा! शिल्लक पासबुकात दिसते, पण तिच्यावर कुणाचा तरी हक्क नोंदलेला असतो. आमच्या काउंटरवर रोज एक तरी गृहस्थ "अहो, दिसतायत ना पैसे? मग द्या की!" म्हणून भांडतात. आता मीही तसाच तलावाच्या काठावर उभा होतो. दिसतोय ना क्लोरीन? मग मार की शेवाळ!

तर हा लियन नोंदवणारा सावकार कोण? त्याचं नाव सायन्युरिक अॅसिड, बाजारातलं नाव स्टॅबिलायझर. आणि इथे एक गोष्ट आधी स्पष्ट करतो, कारण आमच्या सोसायटीत दोनच प्रकारची माणसं आहेत. एक, ज्यांना कशाचीच चौकशी नको. दुसरे ए-विंगमधले निवृत्त कर्नल, ज्यांना माझ्याकडून स्टॅबिलायझरचं नाव कळल्याबरोबर तो "ताबडतोब, संपूर्ण" हद्दपार करायचा होता. स्टॅबिलायझर वाईट नाही हो! उघड्या तलावात तो लागतोच. ऊन हे क्लोरीनचा उघड उघड शत्रू आहे. संध्याकाळी भरलेला क्लोरीन सकाळपर्यंत बरा राहतो आणि भर दुपारच्या उन्हात, स्टॅबिलायझर नसेल तर, दोन-तीन तासांत बहुतेक सगळा उडून जातो. छप्पर असलेल्या तलावाला ऊनच नाही, म्हणून स्टॅबिलायझरही नको. आमच्या तलावाला छप्पर नाही आणि मे महिना आहे.

स्टॅबिलायझर काय करतो, तर क्लोरीनला आपल्याजवळ बांधून ठेवतो. काउंटरवरची रोकड आणि स्ट्राँगरूम, हेच समजा. सगळी रोकड काउंटरवर पसरून ठेवली तर दुपारपर्यंत नाहीशी होईल, म्हणून थोडी काउंटरवर आणि बाकी आत. स्टॅबिलायझर तीस-चाळीस असला तरी शेकडा पंच्याण्णवहून अधिक क्लोरीन स्ट्राँगरूममध्ये असतो. काउंटरवरची संपत आली की आतून थोडी बाहेर येते. व्यवस्था उत्तम. गंमत अशी की, किट काउंटर आणि स्ट्राँगरूम दोन्ही मिळून मोजते. जंतू मारण्याचं काम मात्र फक्त काउंटरवरची रोकड करते. आणि स्टॅबिलायझर जितका वाढेल, तितकी काउंटरवरची रोकड कमी होते. तीन म्हणजे तीनच दिसणार, पण खिडकीवर उरणार चिल्लर. बाहेर पेन्शनवाल्यांची रांग लागलीय आणि कॅशियरच्या गल्ल्यात वीस रुपये! रविवारी सकाळी पन्नास पोरं तलावात उड्या मारतात तेव्हा आमच्या पाण्याची नेमकी ही अवस्था होत होती.

हा काही काल लागलेला शोध नाही. ओब्रायन, मॉरिस आणि बटलर या तिघा अमेरिकन संशोधकांनी १९७४ साली या बांधलेल्या आणि सुट्या क्लोरीनच्या देवघेवीचे आकडे मोजून छापले. १९७४! तेव्हा माझा जन्म झाला नव्हता. आज मला चष्मा लागून दहा वर्षं झाली आणि आमच्या सोसायटीपर्यंत ते आकडे अजून पोचायचे होते.

आता मुख्य आरोपी. स्टॅबिलायझर आला कुठून? आम्ही तर कधी विकत आणला नाही. सोसायटीची सगळी बिलं मीच पास करतो, त्यात हे नाव कुठे नाही. तर तो वडीतून आला. त्या पेढ्याचं खरं नाव ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक अॅसिड. नावातच गुन्हा कबूल केलेला आहे, फक्त तो पूर्ण वाचायला दम पुरत नाही. वडी क्लोरीन सोडते आणि मागे जे उरतं ते सायन्युरिक अॅसिड, वडीच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक. २०० ग्रॅमच्या वडीतून आमच्या एक लाख लिटरमध्ये क्लोरीन पडतो १.८ आणि स्टॅबिलायझर १.१. क्लोरीन रोज खर्च होतो. स्टॅबिलायझर खर्च होत नाही. तो उडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही, उन्हाने जळत नाही. उन्हाळ्यात रोज काही शे लिटर पाण्याची वाफ होते, त्या वाफेबरोबरसुद्धा तो जात नाही. पाणी जातं, हा खाली बसून राहतो, आणि आपण वरून नवं पाणी घालतो. जमा रोज, नावे कधीच नाही. रिकरिंग डिपॉझिटच म्हणा, पण मुदत न संपणारं.

मी मोजायला बसलो. फेब्रुवारीच्या पंचवीस तारखेपासून ऐंशी दिवस, रोज दोन वड्या, म्हणजे १६० वड्या. वजन ३२ किलो. त्यातला स्टॅबिलायझर १७ किलो ६०० ग्रॅम. एक लाख लिटरमध्ये आकडा यायला हवा १७६. हवा किती? तीस ते पन्नास. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ सालच्या मार्गदर्शक पुस्तकात कमाल मर्यादा १०० सांगितलीय. आमचा कागदावरचा आकडा १७६.

कागदावरच्या आकड्यावर कमिटी विश्वास ठेवत नाही, म्हणून प्रत्यक्ष मोजणी केली. ही चाचणी मला फार आवडते, कारण ती जत्रेतल्या जादूसारखी आहे. नळीत तलावाचं पाणी आणि एक औषध मिसळायचं. पाणी दुधासारखं गढुळतं. स्टॅबिलायझर जितका जास्त, तितकं दाट दूध. मग उन्हाकडे पाठ करून, तळाशी काळा ठिपका असलेल्या दुसऱ्या नळीत ते हळूहळू ओतायचं आणि वरून बघत राहायचं. ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं आणि रेघ वाचायची. मी गच्चीत उभा राहून ओतायला सुरुवात केली. बोटभर पाणी पडलं नाही तोच ठिपका गायब! शंभराची रेघ अजून वरच होती. मग अर्धं तलावाचं आणि अर्धं नळाचं पाणी घेऊन पुन्हा केलं. आलं ८०. दुप्पट केले, १६०. हिशेबात १७६, मोजणीत १६०. फरक सोळाचा, तो अडीच महिन्यांच्या बॅकवॉशमध्ये गटारात गेला असणार. वाचकहो, दिवसाअखेर कॅश जुळल्यावर जो आनंद होतो तो मला त्या टळटळीत दुपारी गच्चीवर झाला. मुलीच्या कानात औषध घालायची वेळ झालीय हे खालून तीनदा ओरडून सांगावं लागलं.

१६० स्टॅबिलायझर असताना क्लोरीन किती हवा? तलाववाले जाणकार ढोबळमानाने साडेसात टक्के धरतात. म्हणजे बारा. आम्ही ठेवत होतो तीन. दोन टक्क्यांपेक्षा कमी. या दराने बचत खातंसुद्धा कुणी उघडत नाही.

सभा बोलावली. मी म्हणालो, वडी बंद आणि पाऊण तलाव रिकामा. बॉम्ब पडला असता तरी लोक इतके हलले नसते.

पहिला आक्षेप अण्णांचा. "पाणी तर निळंशार आहे!" अण्णा, पाणी निळं दिसतं कारण फरशी निळी आहे. त्या फरशीत पन्ह्याचं पाणी घातलं तरी पहिले दोन दिवस बरं दिसेल.

दुसरा बी-विंगच्या काकूंचा. "क्लोरीन कमी कसा असेल? आमच्या मुलांच्या अंगाला किती वास येतो! डोळे लाल होतात!" हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की, त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल. तो जो झणझणीत वास येतो, तो मोकळ्या क्लोरीनचा नाही. क्लोरीनने घामाशी आणि (सभेत मी "इतर गोष्टींशी" म्हणालो, इथे स्पष्ट लिहितो) लघवीशी दोन हात केले की जे क्लोरामाइन तयार होतं त्याचा तो वास. डोळ्यांत जातं तेही तेच. बुडीत कर्जाला ठेव समजून खूश होण्यापैकी आहे हे. वास येतो म्हणजे क्लोरीन भरपूर आहे असं नव्हे, पोरं आंघोळ न करता उतरली आहेत असा त्याचा अर्थ. काकू म्हणाल्या, "आमची घरून आंघोळ करून येतात." येतात खरी. आंघोळ करून, डोक्याला चपचपीत खोबरेल लावून, पायरीवर बसून वडापाव खाऊन मग येतात.

तिसरे पुरवठादार. त्यांना सभेला कुणी बोलावलं ते मला अजून कळलेलं नाही. ते म्हणाले, "साहेब, वडी म्हणजे निर्धास्त. सगळीकडे चालते." बरोबर आहे. सगळीकडे चालते आणि उन्हाळ्याच्या शेवटी सगळीकडे पाणी हिरवं होतं. मग तेच गृहस्थ शेवाळ मारायचं औषध विकतात. पाणी पारदर्शक व्हायचं औषध विकतात. आणि "शॉक" म्हणून जी पावडर विकतात त्या डायक्लोरमध्ये वडीहून जास्त स्टॅबिलायझर असतो, दर दहा क्लोरीनमागे नऊ! आधीचं कर्ज फेडायला नवं कर्ज. पेशाने मला या प्रकाराचं नाव माहीत आहे, पण भर सभेत ते उच्चारलं नाही. माझा राग त्यांच्यावर नाही. ते वडी विकतात, वडीवर वजन लिहिलेलं असतं, त्यांनी काही लपवलं नाही. माझा राग आहे तो "ज्याचं त्याला माहीत" म्हणून डबा तरंगत ठेवणाऱ्या आम्हा सगळ्यांवर. आम्ही दोनशे रुपयांची लाईट बिलातली चूक शोधायला वीज कंपनीच्या तीन चकरा मारतो, आणि ज्या पाण्यात पोटची पोरं डोकं बुडवतात त्यात काय साठतंय ते अडीच महिन्यांत एकदाही विचारत नाही.

कुणीतरी म्हणालं, मग क्लोरीनच बारा करा, पाणी कशाला सोडायचं? करा की. वडीने केला तर स्टॅबिलायझर आणखी वाढेल आणि महिनाभराने चौदाही पुरणार नाही. आणि समजा, एखाद्या लहान मुलाला पाण्यातच जुलाब झाला. होतं असं, मुलं ती मुलंच. सीडीसीने त्यासाठी जोरदार क्लोरीन देऊन तासन् तास थांबायची पद्धत सांगितलीय, पण स्टॅबिलायझर पंधराच्या वर असेल तर आधी पाणी बदलून तो खाली आणा म्हणतात. पंधरा! आम्ही एकशेसाठवाले. सभा पहिल्यांदा गप्प झाली. काकूंनी धाकट्याला मांडीवर ओढून घेतलं.

मग अण्णांनी हुकमाचं पान टाकलं. "मे महिन्यात पाऊण लाख लिटर पाणी गटारात? टँकरमागे बाया धावतायत ते बातम्यांत दाखवतात, आणि आपण?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं. सभा तहकूब झाली.

उत्तर नव्हतं याचं कारण माझ्या घरात बसलेलं आहे. माझी आई माण तालुक्यातली. लहानपणी तिने डोक्यावरून पाणी आणलंय. आज नळाला चोवीस तास पाणी असतानाही ती तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालते आणि मी दाढी करताना नळ सोडला तर बाहेरून दार वाजवते. तिच्या मुलाने पाऊण लाख लिटर पाणी ओतून द्यायचं? अण्णांना मी समजावू शकलो असतो, पण रात्री जेवताना मान वर करायची मला हिंमत होईना. शेवटी सगळं सांगून टाकलं. वडी, सावकार, स्ट्राँगरूम, सगळं. तिने शांतपणे ऐकलं. भाकरी मोडता मोडता म्हणाली, "हौद नासला तर धुवायलाच लागतोय, त्यात काय. पण दर साली नासाय लागला तर हौदाची चूक नव्हं ती." मग थोडं थांबून, "आणि गटारात कशाला? संडासाला सोडा की. तिथं काय गंगाजळ लागतंय?"

मी घास तसाच हातात धरून बसलो. आमच्या इमारतींना फ्लशची टाकी वेगळी आहे. तिच्यात बोअरचं पाणी जातं. ६४ फ्लॅट, माणसं धरली २५६. फ्लशला माणशी रोज ४५ लिटर धरतात, म्हणजे साडेअकरा हजार लिटर. पाऊण लाख लिटर साडेसहा दिवसांत संपतं! आणि त्या साडेसहा दिवसांत फ्लशचं वाचलेलं बोअरचं पाणी तलावात. एका खात्याला नावे, दुसऱ्या खात्याला जमा, बँकेबाहेर एक थेंब नाही. बी.कॉम. मी झालो आणि कॉन्ट्रा एन्ट्री टाकली आईने.

पुढच्या सभेत ठराव चार मतांनी पास झाला. अण्णांनी बाजूने मत दिलं हे त्यांचा मोठेपणा म्हणून नोंदवतो. कर्नलसाहेब विरुद्ध गेले, कारण पूर्ण रिकामा का नाही. चारातले तीन भाग बदलले की १६० चे ४० होतात आणि मला ४० च हवे होते, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. अर्धंच बदललं असतं तर उरले असते ८०, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा हीच सभा. भाड्याचा पंप आणला, आठवडाभर तलाव बंद ठेवला. त्या आठवड्यात सोसायटीतल्या प्रत्येक न्हाणीघरात निळ्या तलावाचा मंद वास दरवळत होता आणि लोक एकमेकांना विचारत होते, "काय, पोहून आलात?"

आता व्यवस्था अशी आहे. वडी बंद. पातळ क्लोरीन, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, कॅनमधून येतो. दहा टक्क्यांचा असेल तर आमच्या पाण्याला रोज साधारण तीन लिटर लागतो. ऊन उतरल्यावर घालायचा, म्हणजे रात्रभर काम करतो. त्यातून स्टॅबिलायझर येत नाही, थोडं मीठ येतं, मिठाचं आम्हाला काही नाही. त्याचे दोष? आहेत ना. उन्हाळ्यात कॅन पडून राहिला की ताकद जाते, म्हणून थोडा थोडा मागवावा लागतो. पाण्याचा पीएच जरा वर चढतो, तर कधीमधी अॅसिड घालावं लागतं. ते क्लोरीनमध्ये कधीही मिसळायचं नाही, नाहीतर विषारी वायू होतो, आणि जुन्या वड्या ब्लीचिंग पावडरला शिवूसुद्धा द्यायच्या नाहीत, आग लागते. या दोन सूचना मी मारुतीच्या खोलीत लाल अक्षरांत लावल्यात. आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे रोज कुणीतरी बघावं लागतं. तो कुणीतरी मी आहे. संध्याकाळी सातला, बँकेतून आल्यावर, चहाच्या आधी, मी तलावाच्या काठावर उकिडवा बसून गुलाबी रंग बघतो. बायको वरून विचारते, "जुळली का कॅश?"

पाऊस मात्र आपला माणूस निघाला. पडतो, तलाव भरून वाहतो, आणि वाहताना स्टॅबिलायझरही घेऊन जातो. अशी सरसकट कर्जमाफी मी आयुष्यात पाहिली नव्हती. सप्टेंबरअखेर मोजलं तर ठिपका बराच वेळ दिसत राहिला. आकडा २५. ऑक्टोबरचं ऊन तर तोंडावर आलेलं. मग मी डब्यातल्या उरलेल्या वड्या काढल्या. मारुती माझ्याकडे बघतच राहिला, दारूबंदीच्या कार्यकर्त्याला बाटली उघडताना बघावं तसा. त्याला म्हटलं, "अरे, वडीशी माझं वैर नाही. पंधराची तूट आहे. रोज एक, चौदा दिवस. पंधराव्या दिवशी मागितलीस तर मिळणार नाही. आणि वडीचा क्लोरीन पडतोच आहे, तेवढा कॅनमधून कमी घाल." मे महिन्यात हाकललेल्या वडीला आम्ही पुन्हा घेतली, पण हंगामी कामगार म्हणून, हजेरी लावून.

मारुती आता रजिस्टर पूर्वीपेक्षा तपशिलात लिहितो. काल सही करायला उघडलं तर त्याच्या वळणदार अक्षरात ओळ होती : "क्लोरीन ३. स्टॅबिलायझर मोजला, ३५. वडी १ (चौदापैकी नववी). धाकट्या ताई दोन फेऱ्या पोहल्या, कान ठीक. साहेब पाण्यात उतरले नाहीत."